गाळणी कुठे बसवावी

दुचाकीच्या सुट्या भागांमध्ये एअर फिल्टरइतका उपेक्षित भाग दुसरा नसेल. टायरवर लोक तासभर वाद घालतात, सायलेन्सरच्या आवाजावरून दोस्ती जुळते आणि तुटते, नवं हँडल बसवून आणलं की गल्लीतली पोरं जमतात. नवा फिल्टर बसवला म्हणून कुणी कुणाला चहा पाजल्याचं ऐकिवात नाही. तो फिरत नाही, चमकत नाही, वाजत नाही. बाजूच्या झाकणाआड, काळ्या डब्यात, अंधारात बसून असतो. बाकीचे भाग काम करता करता झिजतात. झीज ही त्यांच्या कामाची किंमत. फिल्टरचं तसं नाही. मळणं हेच त्याचं काम. बरेच किलोमीटर धावूनही तो स्वच्छ दिसला तर समजावं की तो नीट बसलेला नाही आणि हवा कुठूनतरी त्याला वळसा घालून आत जाते आहे.

रायपुरात फिल्टर बदलण्याचं काम पुस्तिकेत छापलेल्या किलोमीटरच्या बरंच आधी निघतं. माझी गाडी थंडरबर्ड, साडेतीनशेची, कार्बोरेटरची. २००२ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या पिढीतली. लांब पल्ल्यासाठी म्हणून ती घ्यायची, घाईसाठी नव्हे. इथून लांबचे रस्ते दोन. एक पश्चिमेचा : दुर्ग, राजनांदगाव, बाघनदी ओलांडून देवरी, साकोली, भंडारा आणि नागपूर. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांच्या स्वारीनंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसत गेला आणि नागपूरकडून आलेली मराठी घरं रायपूरच्या तात्यापाऱ्यात मुरली, ती आजही आहेत. दुसरा रस्ता दक्षिणेचा : धमतरी, कांकेर, केशकालचा घाट, कोंडागाव, जगदलपूर. फिल्टर भरला आहे की नाही हे केशकाल सांगतो. सपाटीवर काही कळत नाही. घाटात, समोरचा ट्रक मागे टाकायला मूठ पिळावी आणि गाडीने नुसता आवाज वाढवावा, वेग नाही. अ‍ॅव्हरेज पडलेलं असावं, प्लग काढला तर टोक काजळीने काळं असावं. मिस्त्रीचं निदान एका वाक्याचं असतं : ‘फिल्टर चोक हो गया है, भैया.’

काम पाव तासाचं आहे. झाकण काढायचं, डब्याचे स्क्रू सोडायचे, जुना फिल्टर अलगद बाहेर घ्यायचा. डबा आतून ओल्या फडक्याने पुसायचा. कोरड्या फडक्याने झटकला तर धूळ थेट कार्बोरेटरच्या तोंडात जाते. रबराची कड कुठे तडकली आहे का ते बोट फिरवून पाहायचं, कारण चिरलेल्या कडेपुढे उत्तम कागदही व्यर्थ. मग नवा फिल्टर बसवायचा. या साऱ्यात रेंगाळण्यासारखा क्षण एकच : जुना फिल्टर हातात येतो तो. राळेत भिजवून कडक केलेला कागद, नऊवारीच्या निऱ्यांसारखा घडी घालून बसवलेला, म्हणजे तळहाताएवढ्या जागेत हातभर लांबीचा पन्ना मावावा. आतली बाजू अजून पिवळट, कोरी. बाहेरची बाजू काळी. घड्या जरा फाकवल्या की थर दिसतात : मुरमाची तांबडी भुकटी, कोळशाची काजळी, सिमेंटचा राखाडी थर, तांदळाच्या गिरण्यांकडून उडून आलेला कोंडा, एखाद्या किड्याचा पंख. गेल्या हंगामात गाडी कुठे कुठे गेली हे त्यात वाचता येतं. तांबडं ते बस्तरकडचं, राखाडी ते बलोदा बाजारच्या सिमेंट पट्ट्यातलं. काळं मात्र कुठेही न जाता मिळतं. ते या शहराचं आहे.

फिल्टर म्हणजे चाळणी, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. कागदाच्या तंतूंमधली भोकं तो पकडत असलेल्या पुष्कळशा कणांपेक्षा मोठी असतात. मग कण अडकतो कसा? मोठा, जड कण वेगात येतो. हवा तंतूला वळसा घालून निघून जाते, पण कणाला वळता येत नाही आणि तो सरळ जाऊन आदळतो. मधला कण हवेबरोबर वळतो खरा, पण वळताना त्याची कड तंतूला घासते आणि तो चिकटतो. अगदी सूक्ष्म कणांची गत निराळी. हवेचे रेणू त्यांना चोहोबाजूंनी धक्के देत असतात, त्यामुळे ते सरळ जातच नाहीत, भरकटतात आणि भरकटता भरकटता तंतूला लागतात. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये गणिताने मांडलेली ब्राउनीय गती ती हीच. मोठे आपल्या जडपणामुळे सापडतात, छोटे आपल्या अस्वस्थपणामुळे. सर्वांत सहज निसटतात ते या दोहोंच्या मधले, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे : वळण्याइतके हलके, न भरकटण्याइतके स्थिर. मुखपट्ट्यांची चाचणी याच आकाराच्या कणांवर घेतात, ती याच कारणाने. माणसांच्या जगातही नियमांच्या तावडीतून कोण सुटतं याचा विचार करताना हा आकडा मला आठवतो.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. अडकलेला कण स्वतःच पुढच्या कणांसाठी अडथळा बनतो. धुळीवर धूळ बसते आणि त्या थराची मिळून एक नवी, जास्त बारीक गाळणी तयार होते. म्हणून मळलेला कागदी फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा धूळ अधिक चांगली अडवतो. पूर्ण भरत आलेला फिल्टर सर्वांत दक्ष असतो. पण त्याच वेळी हवेलाही तो अधिकाधिक अडवत असतो आणि इंजिन गुदमरायला लागतं. म्हणजे आपण फिल्टर बदलतो तो नालायक झाला म्हणून नाही, तर त्याची दक्षता परवडेनाशी झाली म्हणून. संस्थांच्या बाबतीत हे आपण पुष्कळदा पाहिलेलं असतं. जुन्या कचेरीतला नियमांनी भरलेला कारकून एकही खोटा अर्ज आत जाऊ देत नाही. खराही जाऊ देत नाही. त्याला बदलावं लागतं आणि त्याच्या जागी आलेला नवखा पहिले काही दिवस बरंच काही आत सोडतो. नवा फिल्टर बसवल्यावर पहिले काही किलोमीटर इंजिनाला थोडी जास्त धूळ सोसावी लागते. पूर्ण शुद्धता आणि मोकळा श्वास एका वेळी मिळत नाहीत. यंत्र चालवणारा या दोन टोकांमधली जागा शोधत राहतो आणि पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा म्हणजे त्या शोधाचं सरासरी उत्तर.

जुन्या गाडीचा एक गुण इथे सांगायला हवा. कार्बोरेटरमध्ये हवा अरुंद नळीतून वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि त्या ओढीने पेट्रोल जेटमधून वर येतं. फिल्टर भरला की इंजिन तितक्याच जोराने ओढत राहतं, हवा पुरत नाही, ओढ वाढते आणि हवेच्या जागी पेट्रोल जास्त येतं. मिश्रण दाट होतं, प्लग काळा पडतो, मागून काळपट धूर येतो, खिसा हलका होतो. गाडी तक्रार करते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या गाड्यांमध्ये इंजेक्शन असतं, धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो आणि हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी करतो. धूर काळा होत नाही. गाडी गुपचूप थोडी अशक्त होते आणि मालकाला कळतही नाही. प्रदूषणाच्या दृष्टीने नवी पद्धत निर्विवाद चांगली आहे. पण घुसमट कळायला हवी असेल तर ती तक्रारीच्या रूपात बाहेर यावी लागते. सांभाळून घेणारी व्यवस्था फार हुशार झाली की रोगाची लक्षणंच नाहीशी होतात, रोग राहतो.

मोटारगाडीच्या बाल्यावस्थेत फिल्टर हा भागच नव्हता. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत बनली, तिला कारखान्यातून एअर फिल्टर येत नसे. रस्ते कच्चे, धूळ अमाप, इंजिनं लवकर झिजत आणि लोक ती पुन्हा उघडत. हवा म्हणजे मोकळी जागा, तिच्यात काही असतं हे माणसाला उशिरा पटलं. युद्धाने ते महागात पटवलं. १९४२ मध्ये सोव्हिएत संघाने आपला टी-३४ रणगाडा अमेरिकेत अ‍ॅबर्डीनच्या मैदानावर तपासणीला पाठवला. त्याचं चिलखत आणि आकार यांचं कौतुक झालं, पण सदोष एअर फिल्टरमुळे आत गेलेल्या धुळीने इंजिन काही शे किलोमीटरांत निकामी झालं. आज जगभरच्या फिल्टरांची परीक्षा प्रमाणित धुळीवर होते आणि ती धूळ अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातली असते. तिच्यात मुख्यतः गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण. क्वार्ट्झ लोखंडापेक्षा कठीण असतं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या पातळ पडद्यात असा कण शिरला की ओरखडे उठतात, रिंगा सैल होतात, इंजिन तेल प्यायला लागतं. रायपूरच्या धुळीत गारगोटी आहेच, शिवाय भाताच्या तुसाची राख आहे आणि त्या राखेचा बहुतांश भाग सिलिकाच असतो. धानाचा कटोरा म्हणवणाऱ्या प्रदेशात तांदूळ पोटात जातो आणि तुसाची राख हवेत.

गॅरेजमध्ये फिल्टर बदलण्याआधी तो ‘मारून’ पाहण्याची रीत आहे. काढलेला फिल्टर हातात धरायचा, कॉम्प्रेसरची नळी लावायची, ट्रिगर दाबायचा. क्षणात धुळीचा ढग उठतो आणि फिल्टर दोन शेड उजळतो. कागदासाठी हे बरं नाही. जोराच्या झोताने तंतू फाटतात आणि डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. पण कागदापेक्षा महत्त्वाचं दुसरंच. तो ढग जातो कुठे? नळी धरलेला पोरगा फिल्टरपासून हातभर अंतरावर उभा असतो. हजारो किलोमीटरांत घड्याघड्यांतून साठलेली, इंजिनाला नको म्हणून अडवलेली सगळी धूळ तो एका मिनिटात नाकातोंडात घेतो. नष्ट काहीच झालेलं नसतं. धुळीचा फक्त पत्ता बदललेला असतो. फिल्टर या वस्तूबद्दलचं मूळ सत्य मला त्या ढगात दिसलं : गाळणं म्हणजे संपवणं नव्हे, गाळणं म्हणजे वाटप. कुणाच्या वाट्याला स्वच्छ हवा आणि कुणाच्या वाट्याला गाळ, हे गाळणीची जागा ठरवते.

आता थोडं गणित. पेट्रोल पुरतं जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे हवा अकरा किलो. रायपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या जवळपास, उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर. अशा तापलेल्या हवेच्या एका घनमीटरचं वजन किलोहून थोडंसंच जास्त भरतं. सोयीचा आकडा धरू : लिटरमागे १० घनमीटर हवा. साडेतीनशेची जुनी गाडी लिटरला ३५ किलोमीटर देते असं मानलं तर १०,००० किलोमीटरांत ती २,८०० घनमीटरांहून थोडी अधिक हवा ओढते. आता माणूस. योगग्रंथांनी माणसाचे दिवसाचे श्वास २१,६०० मोजले आहेत, मिनिटाला पंधरा. आजचं शरीरशास्त्रही स्वस्थ बसलेल्या माणसाचा आकडा याच्या आसपासच देतं. दर श्वासाला अर्धा लिटर धरला तर दिवसाला १०,८०० लिटर, म्हणजे १०.८ घनमीटर. भागाकार केला की उत्तर येतं : १०,००० किलोमीटरांत गाडी जेवढी हवा ओढते तेवढी तिचा मालक नुसता बसून नऊ महिन्यांत ओढतो. तो जिने चढला, धावला, तर त्याहून लवकर.

हे उत्तर मला अनपेक्षित होतं. एवढं धडधडणारं, तापणारं यंत्र आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी हवा खात असेल असं वाटतं आणि चालू असताना ते खातंही. पण ते अधूनमधून चालतं, आपण अखंड चालतो. हिशेबाच्या शेवटी दोघांच्या खात्यावर जवळपास सारखीच हवा निघते. मालक गाडीला वर्षाकाठी नवा कागद आणून देतो. स्वतःच्या फुप्फुसांना तो काय देतो?

शरीराची गाळणी कमी कुशल नाही. नाकातले केस, ओलसर श्लेष्मा, श्वासनलिकेतल्या सूक्ष्म लवांची वर वर ढकलत नेणारी लाट, शेवटी वायुकोशांतल्या धूळ गिळणाऱ्या पेशी. ही गाळणी स्वतःला झाडते, स्वतःला दुरुस्त करते. पण ती घडली रानातल्या आणि शेतातल्या धुळीसाठी. इंजिनाचा वैरी आणि माणसाचा वैरी एक नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. इंजिनाला भीती जाड, कठीण कणांची. अतिसूक्ष्म काजळी आत गेली तरी ती बहुतेक धुराबरोबर निघून जाते. माणसाला उलटं. जाड कण नाकात-घशात अडतात. अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळजवळ तिसाव्या हिश्श्याचे कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. वजनाला ते क्षुल्लक असतात. १९९३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या आठ हजारांवर प्रौढांचा दीड दशकाचा मागोवा प्रसिद्ध केला. धूम्रपान वगैरे कारणं वजा केल्यावरही सर्वांत मळकट हवेच्या शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत २६ टक्क्यांनी जास्त निघाला. ते मळकट शहर म्हणजे ओहायोमधलं स्टूबेनव्हिल. गाव पोलादाचं.

पोलादाच्या गावांबद्दल रायपूरला कुणी बाहेरून सांगायची गरज नाही. पश्चिमेला भिलाई, जिची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. उत्तरेला बिलासपूर रस्त्याच्या अंगाने उरला आणि सिलतरा. एकीकडे लोहखनिज, दुसरीकडे कोरब्याचा कोळसा, मधून जाणारा मुंबई-हावडा लोहमार्ग. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांना याहून सोयीची जागा कोणती? तिरप्या, संथ फिरणाऱ्या लांबलचक नळकांड्यात खनिज आणि कोळसा हजार अंशांच्या वर तापवतात. खनिज वितळत नाही, नुसता त्यातला प्राणवायू निघून जातो आणि सच्छिद्र लोखंड मागे राहतं. या पद्धतीचं लोखंड बनवण्यात भारत जगात पहिला आहे. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शहरांच्या हवेची यादी काढली तेव्हा पीएम २.५ मध्ये, म्हणजे याच अडीच मायक्रॉनहून बारीक कणांमध्ये, दिल्ली, पाटणा, ग्वाल्हेर यांच्यामागोमाग रायपूर होतं : घनमीटरमागे १३४ मायक्रोग्रॅम, जेव्हा भारताची स्वतःची वार्षिक मर्यादा ४० आहे. त्यानंतर याद्या बदलल्या, क्रम बदलले. पण इथल्या गृहिणीला यादी लागत नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून बोट फिरवलं की तिला कळतं.

धूर गाळण्याची विद्या नवी नाही. फ्रेडरिक कॉट्रेल या कॅलिफोर्नियातल्या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ च्या सुमारास विजेच्या दाबाने धुरातले कण भारित करून पत्र्यांवर ओढून घेण्याचं यंत्र सिद्ध केलं. धातूच्या भट्ट्यांच्या शेजाऱ्यांनी कोर्टकज्जे चालवल्यामुळे त्याला गिऱ्हाईकही मिळालं. पेटंटाचा पैसा त्याने खिशात घातला नाही, १९१२ मध्ये विज्ञानाला मदत करणारी संस्था काढली. आज त्या यंत्राला सगळे ईएसपी म्हणतात. उरला-सिलतऱ्याच्या परिसरातली लोकांची जुनी तक्रार अशी की दिवसा चालणारं हे यंत्र रात्री वीज वाचवण्यासाठी बंद ठेवलं जातं आणि सकाळी अंगणं काळी असतात. तक्रारीतलं प्रत्येक बोट बरोबर ठिकाणी रोखलेलं असेलच असं नाही. तिच्यामागचं अर्थशास्त्र मात्र पारदर्शक आहे. सिमेंटच्या कारखान्यात गाळलेली धूळ म्हणजे मालच. ती परत प्रक्रियेत घालता येते, म्हणून तिथे गाळणी बंद ठेवणं हा स्वतःचाच तोटा. स्पंज आयर्नच्या भट्टीत पकडलेली धूळ म्हणजे टाकायचा ढीग, आणि तो पकडायला वीज जळते. म्हणून तिथे गाळणी चालू ठेवायला कायदा लागतो, आणि कायद्याला रात्री जागा राहणारा डोळा.

आपल्या संस्कृतीला गाळण्याचं वावडं नाही. पाणी वस्त्राने गाळून प्यावं ही आज्ञा मनुस्मृतीत आहे, जैनांच्या आचारात ती व्रताएवढी कडक आहे, आणि नळाच्या तोंडाला फडकं बांधणारी घरं आजही आहेत. त्या फडक्याने नुसतं पुण्य मिळवलं नाही. नारू हा रोग पाण्यातल्या सूक्ष्म जलचरांमधून पोटात जाई. घरोघरी दुहेरी कापडाने पाणी गाळणं आणि पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा बदलून हातपंप बसवणं, या जोडीने तो देशातून गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. जोडी हा शब्द महत्त्वाचा. कापड घराच्या दारात होतं, हातपंप उगमाशी. नुसत्या कापडावर भिस्त ठेवली असती तर प्रत्येक घराला, प्रत्येक हंड्याला, पिढ्यान्‌पिढ्या दक्ष राहावं लागलं असतं. एक आळशी दिवस पुरला असता.

हवेबाबत मात्र आपण फक्त वंदन केलं. दासबोधाच्या सोळाव्या दशकात समर्थांनी एक आख्खा समास वायूच्या स्तवनाला दिला आहे. त्या दासबोधाला हिंदीत आणणारे माधवराव सप्रे याच रायपुरात राहिले आणि १९२६ मध्ये इथेच वारले. वैशेषिकांनी खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत नाचणाऱ्या धूलिकणाला त्रसरेणू म्हटलं. परमाणूच्या विचाराची शिडी त्यांनी त्या कणापासून खाली उतरवली आणि मनुस्मृतीने वजनांची शिडी त्याच कणापासून वर चढवली. म्हणजे हवेत कण असतात हे आपल्याला केव्हापासून दिसत होतं. त्यातून तत्त्वज्ञान निघालं, मापनशास्त्र निघालं. गाळणी निघाली नाही. १८६० च्या सुमारास पाश्चरने कापसातून हवा ओढून तिच्यातले जंतू पकडले, १८७० च्या आसपास जॉन टिंडलने प्रकाशाच्या झोतात हवेतली धूळ दाखवून अग्निशामकांसाठी कापसाचा मुखवटा सुचवला. पाणी माणूस भांड्यात घेतो, म्हणून ते ‘आपलं’ होतं आणि गाळावंसं वाटतं. हवेला भांडं नाही. ती कुणाचीच नसते, म्हणून घाण करणाऱ्याला ती फुकट मिळते आणि घेणाऱ्याला निवड नसते.

दुसऱ्याच्या चिमणीकडे बोट दाखवताना स्वतःच्या गाडीकडेही पाहायला हवं. तिच्या आत जाणाऱ्या हवेला निऱ्यानिऱ्यांचा कागद आहे. बाहेर पडणाऱ्या धुराला तसलं काही नाही. आपल्याला हवी ती स्वच्छ, आपण देऊ ती जशी असेल तशी : दोन्ही तोंडांची ही विषमता यंत्राच्या रचनेतच आहे आणि ती माणसाच्या मनातून तिथे उतरली आहे. तरीही फिल्टर बदलण्याच्या क्षुल्लक कामात एक दुर्मीळ योग जुळून येतो. भरलेल्या फिल्टरची गाडी पेट्रोल जास्त जाळते आणि मागे काजळी व विषारी वायू जास्त सोडते. नवा कागद बसवला की मालकाचे पैसे वाचतात, इंजिन वाचतं आणि टाटीबंधच्या चौकात ट्रकांच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या सायकलवाल्याच्या वाट्याचा धूरही घटतो. स्वार्थ आणि परोपकार इथे एकाच स्क्रूने आवळले जातात. असे योग फार थोडे असतात, आणि असे योग पाहिलेला माणूस सहज भोळा होतो. त्याला वाटतं, प्रत्येकाने आपापला फिल्टर बदलला की शहर स्वच्छ होईल.

तसं होत नाही. घेणाऱ्याच्या तोंडाशी बसवलेली गाळणी एकाला वाचवते, तीही परवडली तर. ज्याला परवडत नाही त्याच्या वाट्याला गॅरेजमधला ढग येतो. सोडणाऱ्याच्या तोंडाशी बसवलेली गाळणी न विचारता सगळ्यांना वाचवते : मोटरसायकलवाल्याला, सायकलवाल्याला, कॉम्प्रेसरची नळी धरलेल्या पोराला, अजून जन्म न झालेल्याला. पहिलीचा खर्च लाखो घरांत विखुरलेला असतो, म्हणून कुणाला तो दिसत नाही. दुसरीचा एका ताळेबंदात एका ओळीत येतो, म्हणून तो डोळ्यांत खुपतो. रायपूर, भिलाई आणि कोरबा ही तिन्ही शहरं २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत आणि रस्ते झाडणं, पाणी शिंपडणं ही कामं दिसतातही. पण पडलेली धूळ झाडणं हे फिल्टर मारण्यासारखं आहे. खरा प्रश्न ती पडते कुठून याचा आहे. माझ्या गाडीसाठी मी फिल्टर आणीन, वेळेआधी आणीन, कारण तेवढं माझ्या हातात आहे. शहराच्या बाबतीत माझ्या हातात आहे ती मागणी : चिमणीच्या तोंडाशी लावलेल्या मापकाचे आकडे दिवसाइतकेच रात्रीचेही प्रत्येक नागरिकाला वाचता यावेत, आणि गाळणी बंद ठेवणं हे ती चालू ठेवण्यापेक्षा महाग पडावं. जिथे स्वार्थ आणि परोपकार आपोआप एका स्क्रूने आवळले जात नाहीत, तिथे तो स्क्रू आवळणं हेच राज्याचं काम.